सव्वाचं दीड

शून्याचा शोध भारतीयांनी लावला, याचा मला सार्थ अभिमान आहे. दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गात हे वाक्य म्हणतो, आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तेवढ्यापुरती मान वर करतात. पण तेच शून्य प्रत्यक्ष घ्यायची वेळ आली तेव्हा जालन्यातल्या आमच्या गल्लीत एकही भारतीय ते घ्यायला तयार नव्हता. त्या भारतीयांत मीही होतो, आणि मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक आहे.

दोन हजार तीन सालची गोष्ट. घरी कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर एक फुकट मिळणारी, अत्यंत कडक शिस्तीची सिस्टिम चढवली. जगभरातली माणसं बिनपगारी राबून ती चालवत. बिनपगारी राबणं आणि वर कडक शिस्त, या दोन गोष्टी एकत्र नांदताना मी आमच्या घराबाहेर प्रथमच पाहिल्या. मलाही सेवा करावीशी वाटली. कोणी तरी लिहिलेला प्रोग्रॅम घ्यायचा, या सिस्टिमच्या मापाचा करायचा आणि बांधून सर्वांसाठी ठेवायचा, याला ते 'पोर्ट' म्हणत. रेडिमेड शर्टाच्या बाह्या आखूड करून देणारा शिंपी असतो, त्यातलाच प्रकार. शर्टाचं श्रेय त्याला मिळत नाही, बाही उसवली की मात्र त्यालाच शोधतात.

मी घेतली ती एक मराठी लायब्ररी होती, पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रॅमांच्या कामी येणारी. मराठी अक्षरं जुळवायची, नावांच्या याद्या नीट मांडून छापायच्या, एवढं तिचं काम. ती सामाईक असते. म्हणजे आमच्या गल्लीत लग्नकार्याची मोठी भांडी मंडळाने ठेवली आहेत. ज्याच्या घरी कार्य तो नेतो, प्रत्येकाने आपापलं पातेलं घ्यायची गरज नाही. तसंच हे. अनेक प्रोग्रॅमांनी एकच लायब्ररी वापरायची.

आता अशा लायब्ररीला पोर्ट करणाऱ्याने एक व्हर्जन नंबर द्यायचा असतो. दोन आकडे, मध्ये टिंब. पातेलंच बदललं, जुनं झाकण बसेना, तर पहिला आकडा वाढवायचा, म्हणजे भांडी नेणारे सगळे सावध होतात आणि नव्याने मांडामांड करतात. जुन्याला हात न लावता नुसतं एखादं वगराळं जास्तीचं टाकलं, तर दुसरा आकडा वाढवायचा. कोणाची झोपमोड नको. मूळ लेखकाने आपल्या मालाला काय नंबर दिलाय याच्याशी आपला संबंध नाही. सुरुवात शून्य-टिंब-शून्यपासून करावी. आणि एकदा वर गेलेला आकडा पुन्हा खाली आणू नये. हा शेवटचा नियम महागाईत आयुष्य गेलेल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हे सगळं तपासायला एक परदेशी गृहस्थ होता. त्याचं नाव उच्चारणं आमच्या कुवतीबाहेरचं होतं, म्हणून घरात त्याला 'साहेब' म्हणत. त्याची उत्तरं एका ओळीची असत आणि त्या ओळीतही जागा उरलेली असे.

नंबर टाकायचा त्या संध्याकाळी माझे सासरे रामराव हसनाबादहून डोळे दाखवायला आले होते. नवा चष्मा लावून ते ओट्यावर बसले होते आणि समोरच्या घरातले अप्पाराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सर्व खात्यांवर लक्ष ठेवून असलेले, त्यांना रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावत होते.

"काय करून राह्यले जावईबापू?" रामराव म्हणाले.

मी सांगितलं. शून्य-टिंब-शून्यही सांगितलं.

"शून्य टिंब शून्य?" अप्पाराव म्हणाले. "सर, एवढे मार्क गेल्या साली माझ्या नातवाला पडले. आम्ही ते शेजाऱ्याला कळू दिले नाहीत. तुम्ही जगाला सांगून राह्यले."

"तसा नियम आहे," मी म्हणालो.

"नियम कोणाचा? त्यायचा," रामराव म्हणाले. "आपण आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया कामून ठिवतो? शून्यावर मिटलं की खुंटलं. वर काही तरी पायजे, वाढीला."

"मग किती ठेवू?"

"सव्वा," सासऱ्यांनी एका शब्दात निकाल दिला. "देवाला सव्वा रुपया, सत्यनारायणाला सव्वा किलो रवा, बाळंतीण सव्वा महिन्याची. सव्वाला आजवर कोणी न्हाई म्हणलं का?"

"बिलकुल न्हाई," अप्पाराव म्हणाले.

मी संख्याशास्त्राच्या बाजूने तोंड उघडलं होतं, इतक्यात आतून पुष्पाचा आवाज आला, "अहो, सव्वाच ठेवा. दादा म्हणतेत ना." पुष्पा म्हणजे आमची सौ., आणि दादा म्हणजे तिचे वडील. आमच्या घरात ठराव असाच मंजूर होतो.

मी एक-टिंब-पंचवीस टाकले. दुसऱ्या दिवशी साहेबाने विचारलं, "पंचवीस का?" मी त्याला देवाचा रुपया, रवा आणि बाळंतीण यांसह सविस्तर खुलासा पाठवला. तो त्याने वाचला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला. "ठीक. आता खाली नाही."

पोर्ट स्वीकारला गेला आणि त्याचा सांभाळ करणारा म्हणून माझं नाव जगभर लागलं. रामरावांनी ही बातमी हसनाबादेत "जावयाचं परदेशात लागलं" अशी आटोपशीर करून सांगितली. त्यानंतर दोन घरच्या मंडळींनी आपल्या पोरांसाठी व्हिसाची चौकशी केली, आणि एका मावशींनी तिकडच्या थंडीत घालायला म्हणून पुष्पाला स्वेटरची लोकर पाठवली. तिचा मी मफलर करून घेतला.

इथवर थांबलो असतो तर मी आजही एक आदरणीय जावई असतो. पण माझा मेव्हणा मच्छिंद्र बियाण्याच्या कंपनीतली फिरतीची नोकरी सोडून बदनापूरला, स्टेशनच्या रस्त्यावर, कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका छापून देण्याचं दुकान टाकायला निघाला. रामरावांचा नोकरी सोडायला विरोध होता. मध्यस्थी मी केली. शिवाय त्याने सगळ्यांसारखी चोरीची सिस्टिम न वापरता माझी फुकटची आणि इमानाची सिस्टिम वापरावी, हा आग्रहही माझाच.

"दाजी, पण काही अडलं तर?" मच्छिंद्रने विचारलं होतं.

"मी आहे ना," मी म्हणालो होतो. माणसाने आयुष्यात जी वाक्यं टाळावीत त्यांत या वाक्याचा नंबर फार वरचा आहे. पहिला आकडा.

दुकान चाललं. लग्नसराईच्या तोंडावर पहिलं मोठं काम आलं ते घरचंच. रामरावांचे धाकटे चुलतभाऊ धर्मराज यांच्या मुलीचं लग्न ठरलं. हे काम बरोबर झालं की सगळी भावकी आणि भावकीच्या सोयऱ्यांची कामं मच्छिंद्रकडे येणार, आणि रामराव "नोकरी सोडली ते बरंच केलं" असं तोंडाने म्हणणार, असं ठरल्यासारखंच होतं. मच्छिंद्रला त्यातलं दुसरं जास्त पाहिजे होतं.

आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं असतात, पण ती कोणी वाचत नाही. वाचतात ती खालची यादी. आपले विनीत. तिथे भावकीतल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाचं नाव, आणि मुख्य म्हणजे मानाप्रमाणे. सगळ्यात वडील म्हणून रामराव पहिले, मग कारभारी, मग कडूबा, पुढे बाकीचे. अण्णासाहेब म्हणून एक होते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं आणि रामरावांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. त्यांचं नाव घ्यायचं की नाही यावर हसनाबादेत बैठक झाली. "शेवटी टाका, पण टाका," असा रामरावांनी मोठ्या मनाने निकाल दिला. मनाचा मोठेपणा शेवटच्या ओळीपुरता होता, पण होता.

यादी टाइप झाली. अडचण निराळीच निघाली. नवरदेवाकडचे लोक कऱ्हाळे, आणि माझ्या लायब्ररीला कऱ्हाळे जमत नव्हतं. क एकीकडे, हाळे दुसरीकडे आणि मधला र दोघांपासून अंतर राखून, लग्नाचं बोलावणं न आलेल्या नातेवाइकासारखा उभा.

"दाजी, व्याह्याचं नाव मोडून छापलं तर लग्न मोडंल," मच्छिंद्र म्हणाला. "काही करा, पण जल्दी करा."

सुदैवाने मूळ लेखकाने नेमकी तेव्हाच नवी आवृत्ती काढली होती. सोबत त्याची चिठ्ठी होती: ऱ्ह दुरुस्त केला आहे, तसंच याद्यांच्या मांडणीत किरकोळ सुधारणा. चिठ्ठीचं दुसरं वाक्य मी वाचलं. वाचलं एवढंच. सुधारणा म्हणजे जास्तीचं वगराळं, असं माझं मत झालं. तेव्हा पहिल्या आकड्याला हात लावायचा नाही, दुसरा वाढवायचा. पण वाढवून किती करायचा?

"सव्वाच्या पुढं काय?" ओट्यावरून अप्पाराव म्हणाले. "दीड! सवायकी झाली की दिडकीचा पाढा. मास्तर छडी घेऊन बसायचे, सर. झोपेत इचारा."

सव्वाच्या पुढे दीड. याच्याइतकी स्वच्छ गोष्ट मी दुसरी ऐकली नव्हती. तरीही शास्त्रीय वृत्तीचा माणूस म्हणून मी दीडमधून सव्वा वजा करून पाहिले. पाव शिल्लक राहिला. आकडा वाढलाय याची याहून अधिक खात्री माणसाने कशी करून घ्यावी? मी एक-टिंब-पाच टाकले, साहेबाला पाठवले, आणि त्याच्या एका ओळीची वाट न बघता मालाची सीडी करून रविवारी बदनापूरला गेलो. निघण्यापूर्वी फोनवर मच्छिंद्रला सांगून ठेवलं, की जुनी लायब्ररी आधी काढून टाक. जुनं घरात राहिलं की घोळ होतो.

सीडी घातली. मशीनने थोडा विचार केला आणि पडद्यावर इंग्रजीत लिहिलं, ज्याचा अर्थ असा होता: पत्रिकेच्या प्रोग्रॅमला एक-टिंब-पंचवीस हवे आहे. मिळाले एक-टिंब-पाच. दुसरा आकडा फार लहान आहे.

"काय म्हणून राह्यलं हे?" मच्छिंद्रने विचारलं.

"त्याला दीड कळत नाही," मी म्हणालो. "परदेशी आहे."

"अन् सव्वा बराबर कळत व्हतं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या पडद्यावरच होतं, पण माझं लक्ष माझ्या अपमानाकडे होतं. एका यंत्राने मला, मेव्हण्यादेखत, लहान म्हटलं होतं.

"जुनी सीडी काढ," मी म्हणालो. "पुन्हा सव्वावर जाऊ. दुकान तरी सुरू होईल, कऱ्हाळ्यांचं मग बघू."

"ती दादानं नेली."

"कशाला?"

"ज्वारीत टांगायला. लखलख करती, पाखरं भेतेत."

माणूस मोटारसायकलवर हसनाबादला पाठवून ती आणवली. सीडीवर ऊन आणि चिमण्या या दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. त्या भीत नसाव्यात.

घरच्या मशीनवरचा सव्वाही मी आधीच पुसला होता. मग ती इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घ्यायची म्हणून मी जालन्याला परत आलो, तर गल्लीत नळाच्या पाइपासाठी खोदलेल्या चरात फोनची केबल तुटलेली. फोनच्या कचेरीत गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "तक्रार फोनवर नोंदवा." मी म्हणालो, फोन बंद आहे हीच तक्रार आहे. तो म्हणाला, "मंग शेजाऱ्याच्या फोनवरून करा." मी म्हणालो, अख्ख्या गल्लीचे बंद आहेत. त्याने मान हलवली. "मंग ती वैयक्तिक तक्रार होत न्हाई. सामाईक झाली. त्याला खोदणाऱ्या खात्याचं पत्र लागतं." खोदणाऱ्या खात्यात गेलो तर तिथे खोदणारे तेवढे होते, पत्र देणारे रजेवर. नेट कॅफेत गेलो. फाइल उतरली, पण ती फ्लॉपीत मावेना आणि तिथल्या मशीनला सीडी लिहिता येईना. अप्पाराव म्हणाले, "सर, तुम्ही चष्म्याचा नंबर एकदा बघून घ्या." याचा संबंध मला अजून लागलेला नाही.

इकडे धर्मराजांचा निरोपावर निरोप. देवापुढे पहिली पत्रिका ठेवायचा दिवस ठरलेला. मच्छिंद्रचं तोंड उतरलेलं. पुष्पा मला जेवायला वाढत होती, पण एकदाच.

तेव्हा मी सज्जन माणसाने करू नये ती गोष्ट केली. बदनापूरला जाऊन नव्या लायब्ररीच्या फाइलीवरचं एक-टिंब-पाच पुसलं आणि त्या जागी हाताने एक-टिंब-पंचवीस लिहिलं. माल नवा, नाव जुनं. प्रोग्रॅम फसला. सुरू झाला.

पहिली पत्रिका प्रिंटरमधून बाहेर आली आणि आम्ही तिघे, मी, मच्छिंद्र आणि खास आलेले धर्मराज, तिच्यावर ओणवे झालो. कऱ्हाळे! काय तो ऱ्हा! क आणि ळे यांच्यामध्ये जन्मापासून तिथेच असल्यासारखा बसलेला. धर्मराजांनी बोट फिरवून पाहिलं. मग तिथी पाहिली, मुहूर्त पाहिला, मांडवाचं ठिकाण पाहिलं. नावांची यादी कोणी पाहिली नाही. ती तर बैठकीत ठरली होती. ठरलेली गोष्ट कोण तपासतं?

"जावईबापू, मानलं तुमाला," धर्मराज म्हणाले. मच्छिंद्रने पेढे मागवले. मी दोन खाल्ले. त्या लग्नात मला मिळालेलं तेवढंच गोड.

पत्रिका वाटून झाल्या आणि रामराव जालन्याला आले. बसमधून उतरून थेट ओट्यावर. पुष्पाने पाणी आणलं, ते त्यांनी हाताने बाजूला सारलं. खिशातून नवा चष्मा काढला, लावला, आणि पत्रिका माझ्यापुढे धरली.

"वाचा."

मी वाचली. आपले विनीत. अण्णासाहेब. कडूबा. कारभारी. धर्मराज. आणि आणखी काही नावांनंतर, अगदी तळाला, छापखान्याच्या नावाला जवळजवळ चिकटून, रामराव.

याद्यांच्या मांडणीतली किरकोळ सुधारणा ही होती. टाइप केलेली नावं पडद्यावर तशीच दिसत. छापताना लायब्ररी त्यांना अकारविल्हे उभं करत होती. त्या लेखकाला वाटलं असेल, यादी म्हटली की क्रम लावून दिलेला बरा. त्याला भावकी नसावी. वगराळं नव्हतं ते. पातेलंच बदललं होतं.

"हे अकारविल्हे आहे," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"म्हणजे अ आधी, र नंतर. कॉम्प्युटरने लावलंय."

"माह्या बापाच्या घरात अ कोण अन् र कोण, हे डबडं ठरवणार?" रामराव म्हणाले. "अन् तो अण्णा! सकाळच्यापासून पत्रिका घेऊन पारावर बसेल हाय. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवून राह्यला. पैलं नाव. एवढे साल बोलला न्हाई मला, आज म्हणला, 'रामराव, खाली बघून चाला, तुमी तळाला हाव.'"

"नव्या छापून देऊ," मी म्हणालो.

"अन् वाटलेल्या? घरोघर जाऊन माघारी मागू? की आमच्या जावयानं मला तळाला टाकलं ते द्या, वरचं घ्या?"

अप्पाराव समोरच्या ओट्यावर होते. 

"दादा, चहा तरी," पुष्पा म्हणाली.

"न्हाई. आकडा मीच सांगितल्ता," रामराव उठत म्हणाले. "सव्वा सांगितल्ता. दीड कोण म्हणलं?"

अप्पाराव रस्त्यावरची पाटी वाचत होते.

लग्न झालं. अण्णासाहेब पहिल्या रांगेत, फेटा बांधून, आल्यागेल्याचं स्वागत करायला स्वतः उभे होते. रामराव आले. भाऊ होते, येणं भाग होतं. पण मांडवात सगळ्यात मागे, जिथे आचाऱ्याचं सामान सुरू होतं, तिथल्या शेवटच्या खुर्चीवर बसले. धर्मराज हात जोडून पुढे चला म्हणाले, कडूबा म्हणाले, मीही गेलो.

"पत्रिकेत जागा हीच दिल्ती ना?" रामराव म्हणाले. मच्छिंद्र त्यांच्या शेजारी खाली बसून होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आमचा फोन सुरू झाला तेव्हा साहेबाचं उत्तर केव्हाचं येऊन पडलेलं होतं. "ते टिंब दशांशाचं नाही. पाच पंचवीसपेक्षा लहान आहेत." त्याखाली दुसरी ओळ होती, म्हणजे त्याने बराच त्रास घेतला होता. "याद्यांचा क्रम बदलला आहे, तेव्हा पहिला आकडा वाढवा. दोन-टिंब-शून्य."

मी दोन-टिंब-शून्य टाकले. शून्य टाकताना ओट्यावर कोणाला विचारलं नाही. यादीचा क्रम टाइप केला तसाच ठेवणारी दुरुस्तीही केली. कऱ्हाळे येतं, रामराव पहिले येतात. मी मच्छिंद्रला सीडी पाठवली. ती त्याने परत पाठवली नाही आणि लावलीही नाही. भावकीतली पुढची लग्नं जालन्याच्या प्रेसमध्ये छापली गेली. दुकानावर आता झेरॉक्सची पाटी आहे. मशीनखाली कागद घातला की तो आहे तसा बाहेर येतो, हे मच्छिंद्रला फार आवडतं. रामराव आमच्याकडे येतात, पण डोळे दाखवायला दुसऱ्या डॉक्टरकडे, संभाजीनगरला जातात, आणि जाताना ओट्यावर उभ्याउभ्याच लेकीला भेटतात.

त्यानंतर काही महिन्यांनी साहेबाने सगळे पोर्ट साफसूफ करायला घेतले. माझ्या लायब्ररीपाशी आल्यावर त्याने एक ओळ लिहिली. ही लायब्ररी एकच प्रोग्रॅम वापरतो, तेव्हा ती त्या प्रोग्रॅममध्येच घालून टाकली. म्हणजे पातेलं एकाच घरी जात होतं, ते मंडळातून काढून त्याच घरी ठेवून दिलं. अशा लायब्ररीला नंबर लागत नाही.